वरील शेरा मंजूर नाही

गार्डसाहेब भाव करत नसत. त्यांच्यावरचा माझा राग तिथून सुरू होतो, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

मी गोंदियाकडचा. रायपुरात आलो तेव्हा उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये ट्रकवर सळया चढवत होतो. आज माझं स्वतःचं सळया-सिमेंटचं दुकान आहे आणि ते मी घासाघीस करून उभं केलं आहे. समोरचा पहिल्यांदा जे बोलतो ते त्याचं शेवटचं बोलणं नसतं, एवढी एकच विद्या मला येते. मिलवाल्यापासून पार्षदापर्यंत, म्हणजे आमच्या नगरसेवकापर्यंत, सगळ्यांवर ती चालली.

आणि हा माणूस! सकाळी गल्लीत भाजीचा ठेला यायचा. मी टोमॅटोवरून भाजीवाल्या दाईशी, इकडे मोठ्या बाईला दाईच म्हणतात, पंधरा मिनिटं हुज्जत घालून तिला खाली आणलेलं असायचं. ती तराजू उचलणार, तेवढ्यात मागून गार्डसाहेब यायचे. "कितने?" दाई मूळचा भाव सांगायची. "दे दो." संपलं. मग ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी तिच्या घरावर दरोडा घालायला आलो होतो.

"काका, तुम्ही बाजार बिघडवून राहिले," एकदा मी तोंडावर बोललो.

"भाऊ, जन्मभर गाडीवर होतो. गाडीले टाइम असते. भाव नसते."

मालगाडीचे गार्ड म्हणून ते रिटायर झाले होते. बायको गेलेली, मुलगी नागपूरला. आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे कॉलनीची भिंत संपते आणि मागचा पारा, म्हणजे झोपड्यांची वस्ती, सुरू होते, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. कुठूनही निघताना आधी वळून मागे बघायचे, उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा, आणि मगच पाऊल टाकायचे. लग्नाच्या पंगतीतून उठतानासुद्धा. कोणी त्यांना ड्रायव्हर म्हटलं तर दोन दिवस बोलायचे नाहीत. "ड्रायव्हरले पुढचं दिसते. गार्डाले मागचं दिसते. मागे काय सुटलं, हे कोणाले तरी पाहा लागते ना?"

मागे सुटलेल्यांत त्यांनी गल्लीतली कुत्री धरली होती. सगळ्यांना नावं होती. एक लठ्ठ कुत्री होती, ती मालगाडी. एक सारखा इकडून तिकडे करायचा, तो शंटिंग. आणि दोन तपकिरी भाऊ, एकमेकांची कार्बन कॉपी, अप आणि डाउन. गार्डसाहेबांनी नोकरीतले आपले दोन झेंडे फाडून पट्ट्या केल्या होत्या. नगर निगमाच्या, म्हणजे पालिकेच्या, डॉक्टरकडून लस टोचून घेतलेल्या कुत्र्याच्या गळ्यात हिरवी पट्टी, बाकीच्यांच्या गळ्यात लाल. अप हिरवा होता. डाउन सुई दिसली की पाऱ्यात पळून जायचा, म्हणून लाल. याचं एक रजिस्टर होतं, मराठीत, रकाने आखलेलं: वेळ, ठिकाण, हजेरी, शेरा. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, त्यांच्या ओट्यावर पाणी ठेवायचं आणि कोण आलं ते लिहायचं.

मला कुत्री आवडत नाहीत. यात लपवण्यासारखं काही नाही. माझी मुलगी तिसरीत होती, सायकलने ट्यूशनला जायची, आणि वाटेत ओट्यापाशी कुत्र्यांचा तो घोळका असायचा.

मग वॉर्डाची बैठक झाली. सामुदायिक भवनात पार्षद, निगमाचा पशुवैद्य आणि पोलीस थान्यातला एक सिपाही. दोन विषय होते. एक, मोकाट जनावरांचे नवे नियम. दोन, थान्याला मोहल्ला समिती काढायची होती, म्हणजे लोकांनीच आपल्या गल्लीवर नजर ठेवायची आणि थान्याला कळवायचं. पशुवैद्य समजावून सांगत होता की कुत्री उचलून कायमची फेकता येत नाहीत. नसबंदी करून, लस देऊन जिथून आणली तिथेच सोडावी लागतात. सिपाही विचारत होता, समितीत कोण येतं. कोणी हात वर करेना.

गार्डसाहेब उठले. मागे बघितलं, दोन्ही बाजूंनी. मग बोलले, "आमच्या गल्लीची समिती तयार आहे. हजेरी माझ्याकडे आहे." आणि रजिस्टर उघडून वाचायला लागले: मालगाडी, शंटिंग, अप, डाउन.

लोक हसले. सिपाहीसुद्धा हसला. पण पशुवैद्याने रजिस्टर मागून घेतलं, पानं उलटली आणि म्हणाला, असं काम आमच्या ऑफिसातही होत नाही. मला तिथे धोका दिसला. मी उठलो. मुलीचं सांगितलं, सायकलचं सांगितलं. निदान अर्धी कुत्री हलवा म्हणालो. नाही म्हटल्यावर तीन तरी. नाही म्हटल्यावर ते दोन तपकिरी.

गार्डसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा हिंदीत म्हणाले, "ये भाऊ भाव करते हैं, बात नहीं करते."

या वेळी लोक माझ्यावर हसले. पार्षदाने निकाल दिला: ज्यांच्या गळ्यात पट्टा ते राहतील, बिना पट्टे वाले उचलून न्यायचे, आणि उपचार करून परत आणायचे.

त्या निकालात फट होती, आणि ती फट मला दिसली. याची लाज मला तेव्हा वाटली नाही. मे महिन्याची दुपार. गल्ली झोपलेली, कुत्री गाड्यांच्या सावलीत जीभ काढून पडलेली. मी बिस्किटाचा पुडा घेऊन निघालो आणि दुकानातल्या कात्रीने एकेक पट्टी कापून आणली. हिरव्या, लाल, सगळ्या. स्कूटीच्या डिक्कीत कोंबल्या. दुसऱ्या दिवशी एक पत्रा रंगवून घेतला आणि भिंतीच्या टोकाला, ओट्यासमोर लावला. मोठ्या लाल अक्षरांत: पट्टा नहीं तो जगह नहीं. वॉर्ड का निर्णय. शब्द माझेच होते. मला ते फार जमलेले वाटले. मग निगमाकडे तक्रार टाकली आणि जी गाडी येणार होती तिच्या ड्रायव्हरशी फोनवर बोललो. परत आणण्याचा भाग मी त्याच्याशी वेगळा ठरवला: परत आणायचंच नाही. नव्या रायपूरच्या पलीकडे, लांब, कुठेतरी.

गार्डसाहेबांनी उघडे गळे पाहिले. मला काही विचारलं नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून रजिस्टरमध्ये बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, जिंकलो.

गाडी यायची त्या दिवशी सकाळी मुलगी रडत घरात आली. उजव्या हाताच्या पंज्याला दाताच्या दोन खुणा, रक्त. मी तिचा हात नळाखाली धरला, साबण लावला, आणि तसाच दवाखान्यात घेऊन गेलो. रस्ताभर शिव्या देत होतो, कुत्र्यांना कमी, गार्डसाहेबांना जास्त.

डॉक्टरांनी सुई भरता भरता विचारलं, "कौन सा कुत्ता था, बेटा?"

"भूरा वाला."

"दोन आहेत भुरे," मी म्हणालो. "अप का डाउन?"

मुलगी मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. "पता नहीं, पापा. दोनों एक जैसे हैं. मैं तो उसका पट्टा वापस बाँध रही थी."

"कोणता पट्टा?"

"आपकी डिक्की में थे ना."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे.

"कुत्र्याला लस दिलेली आहे का?" त्यांनी विचारलं. आता मी काय सांगणार? एकाला आहे, एकाला नाही, आणि कोण कोणता हे ज्या कापडावरून कळायचं ते मी कापलं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं आपण पूर्ण देऊ, जखमेत सीरमही देऊ, बहुतेक काही होणार नाही. पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर निश्चिंत व्हा.

"बहुतेक म्हणजे?" मी विचारलं. जन्मात पहिल्यांदा समोरच्याने एकदाच बोलावं आणि तेच शेवटचं असावं असं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक म्हणजे बहुतेक. कुत्रा नजरेसमोर ठेवा."

मुलगी स्कूटीवर मागे बसली. थोडं गेल्यावर म्हणाली, "पापा, मैं मर जाऊँगी क्या?" मी मोठ्याने हसलो. इतक्या मोठ्याने की बाजूचा रिक्षावाला बघायला लागला. आणि मग मला गाडीची आठवण झाली.

तिला आईच्या हवाली केलं आणि धावत भिंतीच्या टोकाशी गेलो. निगमाची जाळीवाली गाडी उभी होती. पुढे पाऱ्यातल्या वीसेक बाया रस्त्यावर बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद: राशन कार्ड, वीजबिल, जुन्या पावत्या. थान्याचा सिपाही घाम पुसत होता. बायांच्या पुढे, गाडीच्या तोंडाशी, गार्डसाहेब उभे. हातात झेंड्याची नुसती काठी. कापड कुत्र्यांच्या गळ्यात गेलं होतं आणि तिथून माझ्या डिक्कीत.

काय झालं ते कळायला मला एक मिनिट लागलं. इकडे पट्टा म्हणजे सरकारी जमिनीचा कागद. पाऱ्यातली माणसं कित्येक वर्षं पट्ट्याची वाट बघत होती. त्यांनी माझा पत्रा वाचला होता: पट्टा नाही तर जागा नाही. आणि त्याच्या पुढ्यात निगमाची गाडी पोलीस घेऊन आली होती.

भाजीवाली दाई सगळ्यांत पुढे होती. मला बघून उठली. "भैया, हमन कहाँ जाबो? बिहाव होके इही पारा म आए रहेंव. तोर दुकान के आघू ले." आम्ही जायचं कुठे? लग्न होऊन ती याच पाऱ्यात आली होती, माझ्या दुकानाच्याही आधी.

मी गार्डसाहेबांचा दंड धरला. "काका, तुम्ही त्यांना सांगितलं काहून नाही? पट्टा कुत्र्याचा आहे म्हणून!"

"मी नाही लिहिलं," ते म्हणाले. "ज्यानं लिहिलं त्यानं सांगावं."

"गाडीत कोण आहे?"

"अप हाय. डाउन पळाला पाऱ्यात. तुले काय करायचं? तुझं तर काम झालं."

मी त्यांना सांगितलं. मुलीचा हात, डॉक्टर, दहा दिवस. एवढंच. डिक्कीचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं. "मग गाडी सोडता येत नाही," म्हणाले. "जा. सांग त्याहिले."

मी त्या बायांसमोर उभा राहिलो. हजार गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस मी, पण आधी नुसतं पत्र्याकडे बोट दाखवलं. म्हणालो, ये बोर्ड मैंने लगाया. ज़मीन का पट्टा नहीं है. कुत्ते के गले का पट्टा है. आप लोगों को कोई नहीं हटा रहा.

मग दाईने पिशवीतले कागद आत सरकवले आणि म्हणाली, "कुकुर मन बर पट्टा, अऊ हमर बर नइ?" कुत्र्यांना पट्टा, आणि आम्हाला नाही?

तिच्या मागे कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मी ड्रायव्हरला म्हणालो, कुत्रा उतरव. तो म्हणाला, "भैया, कल तो आप ही बोले थे, नया रायपुर के उस पार छोड़ना है, वापस नहीं लाना."

सिपाहीने ऐकलं. दाईने ऐकलं. गार्डसाहेबांनी वळून मागे बघितलं, उजवीकडून आणि डावीकडून, जणू काही सुटलंय का ते बघत होते. मग त्यांनी स्वतः जाळीचं दार उघडलं.

पुढचे दहा दिवस मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली. सकाळी सात, संध्याकाळी सहा. गार्डसाहेबांची अट अशी की नुसतं कुत्रं दिसलं म्हणून चालणार नाही. पाणी पिताना बघायचं, पोळी गिळताना बघायचं, चाल बघायची, आणि मग माझी सही, त्यांची सही.

"दुरून दिसला, चालते ना?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"भाऊ, गाडीचा शेवटचा डबा दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं लिहीत नाहीत. पाणी पिऊ दे."

अप शहाणा होता. डाउन उशिरा यायचा, लांब बसायचा, माझ्याकडे बघून ओठ वर करायचा. त्याच्या तोंडाला थोडी लाळ दिसली की मी ओरडायचो. "काका, लाळ!" "उन्हाळा हाय. तुझ्याही तोंडाले फेस येऊन राहिला." घरी मुलगी पाण्याचा ग्लास तोंडाला लावायची तेव्हा मी दाराआडून बघायचो, नीट पिते का. बायकोने मला दोनदा पकडलं. तीही तेच बघत होती.

चौथ्या दिवशी ठेल्यावर टोमॅटो घेतले. दाईने भाव सांगितला, मी पिशवी पुढे केली. तिचा हात थांबला. "का होगे भैया?" तिने आवाज खाली आणून विचारलं. "नोनी बने हे न?" मुलगी बरी आहे ना? मी भाव केला नाही यावरूनच तिला कळलं होतं.

सातव्या दिवशी डाउन आला नाही. सात वाजले, साडेसात, आठ. गार्डसाहेबांनी रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर काही लिहिलं नाही, पेन उघडं ठेवून बसले. मी म्हणालो, आजारी पडून कुठे तरी पडला असेल. ते म्हणाले, "असंन." धीर देणं त्यांना येतच नव्हतं. आम्ही दोघं पाऱ्यात शिरलो. इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडे राहून मी तिथे कधी पाय टाकला नव्हता. नाल्याकाठी बघितलं, ट्रकखाली बघितलं. एका ठिकाणी तपकिरी काहीतरी आडवं दिसलं आणि माझे पाय जागेवर थांबले. पोतं होतं.

डाउन दाईच्या अंगणात सापडला. बाजेच्या पायाला सुतळीने बांधलेला, पुढ्यात भाताची थाळी, शेपूट हलवत. गळ्यात लाल साडीच्या काठाची पट्टी.

"भागत रहिस," दाई म्हणाली. "बाँध दे हँव. अब येकर पट्टा हो गे, कोनो नइ लेगय." पळत होता म्हणून बांधला, आता याचाही पट्टा झाला, याला कोणी नेणार नाही.

मी तिथेच जमिनीवर बसलो. गार्डसाहेबांनी घड्याळ बघितलं, डाउनने भात गिळलेला बघितला आणि पेनाचं टोपण लावलं. "नऊ वाजून चार," म्हणाले. "लेट. पण पोहोचली."

दहावा दिवस गेला. दोन्ही कुत्री टुणटुणीत. मुलीची इंजेक्शनं सुरूच राहिली, तिचा हातही भरला. आता माझं गाऱ्हाणं ऐका, कारण इथपर्यंत दोष माझा होता हे मला मान्य आहे.

त्या आठवड्यात वॉर्डाची दुसरी बैठक होती. मी ठरवलं होतं, उभं राहायचं आणि सगळं स्वतः सांगायचं. कात्री, डिक्की, पत्रा, ड्रायव्हर. घरी दोनदा बोलून बघितलं होतं. हे माझ्याकडचं देणं होतं आणि ते मी माझ्या हाताने देणार होतो. बैठक सुरू झाली. मी उठायच्या आत गार्डसाहेब उठले आणि दहा दिवसांचा अहवाल वाचला. शेवटी शेरा: "अप, डाउन दोघेही निर्दोष. मुलीस दुखापत पट्टी पुन्हा बांधताना झाली. चूक गाडीची नाही, सिग्नल काढून नेणाऱ्याची." आणि पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट.

माझ्या मुलीनेच त्यांना सांगितलं होतं. तिने मला विचारलंही नव्हतं.

मी ओरडलो, "मी सांगणारच होतो!" सभागृहात कोणालाही ते खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि नागपूरहून मुलगी न्यायला आली. निघायच्या दिवशी ते रजिस्टर आणि काठी घेऊन माझ्या दुकानात आले. "चार्ज घे," म्हणाले. दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत, माझ्याकडेच आले. मी म्हणालो, घेतो, पण ते पान फाडा. नाही म्हणाले. बरं, नाव खोडा. नाही. बरं, वडिलांचं तरी.

"भाऊ, तुले माहीत हाय. मी भाव करत नाही."

मी पेन ओढून घेतलं आणि त्यांच्या शेऱ्याखाली लिहिलं: चार्ज घेतला. वरील शेरा मंजूर नाही. खाली सही. त्यांनी वाचलं, घड्याळ बघितलं, वेळ टाकली. रिक्षात बसताना मागे वळून बघितलं, उजवीकडून एकदा, डावीकडून एकदा. मला वाटलं काही बोलतील. ते फक्त बघत होते, किती कुत्री आहेत ते.

डाउनला अजून लस टोचता आलेली नाही. लाल पट्टी तशीच आहे. मुलगी आता पाचवीत आहे, ठणठणीत आहे, आणि त्याच ओट्यासमोरून सायकल काढते. आज सकाळी अप सातला आला. डाउन सात वाजून चौदा मिनिटांनी. त्या चौदा मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही.